ब्रेसलेटवरचं नाव, पत्र्यावरचा नंबर

मुलांनो, आज आधी माझी स्वतःची एक चूक सांगते.

आमच्या शाळेत दरवर्षी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं. घरातली एखादी जुनी वस्तू आणायची आणि चार ओळी माहिती लिहून तिच्याशेजारी ठेवायची. अडकित्ता, पायली, कंदील, रेडिओचं लायसन्स... काय काय येतं म्हणून सांगू! यंदा चौथीतल्या एका मुलीनं तिच्या पणजोबांची खाकी पिशवी आणली. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. पिशवी मळकट, एका कोपऱ्यात तेलाचा डाग आणि झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं लिहिलेला त्यांचा नंबर. मी आपलं सहज म्हटलं, "छान आहे गं, पण उद्या जरा स्वच्छ धुऊन आण."

झालं! तिच्या आईनं बिचारीनं ती रात्रभर सोड्यात भिजत घातली आणि सकाळी ब्रशनं खसाखसा घासली. पिशवी लख्ख झाली. डाग गेला, आणि नंबरातले शेवटचे दोन आकडेही गेले.

"पण बाई, नंबर गेला तर काय झालं? पिशवी तर आहे ना!" वर्गातल्या एका मुलानं विचारलं. प्रश्न सरळ होता, पण उत्तर द्यायला मला पार फ्रान्सच्या समुद्रापर्यंत जावं लागलं. चला, तुम्हीही या.

तुमच्यापैकी काहींनी 'द लिटल प्रिन्स' हे पुस्तक वाचलं असेल. एका चिमुकल्या ग्रहावरून आलेला मुलगा, त्याचं गुलाबाचं फूल, आणि वाळवंटात विमान बंद पडल्यामुळे अडकलेला एक वैमानिक. हे पुस्तक लिहिणारा आणि त्यातली चित्रं काढणारा आंत्वान द सँतेक्झुपेरी हा स्वतः वैमानिक होता. (नाव म्हणताना जीभ अडखळते ना? त्याचे मित्रही त्याला नुसतं 'सँतेक्स' म्हणत. आपणही तेच म्हणू.) वाळवंटाची गोष्टही त्यानं हवेतून आणलेली नाही बरं का! १९३५ सालच्या डिसेंबरच्या अखेरीस त्याचं विमान लिबियाच्या वाळवंटात खरोखरच कोसळलं. तो आणि त्याचा मेकॅनिक पाण्यावाचून मरायच्या बेतात असताना एका अरब बदाऊनानं त्यांना वाचवलं. पुढे १९३८ मध्ये ग्वाटेमालात आणखी एक मोठा अपघात झाला. त्यात त्याची हाडं अशी काही मोडली, की ती कधीच धड जुळली नाहीत.

आणि तरीही १९४३ मध्ये, न्यूयॉर्कला 'द लिटल प्रिन्स' प्रसिद्ध झालं त्याच सुमारास, हा माणूस अमेरिका सोडून पुन्हा युद्धावर निघाला. त्याचा देश जर्मनीच्या ताब्यात होता. वय त्रेचाळिशीला आलेलं. ज्या विमानावर तो गेला, ते चालवायला तरुण पोरं लागत. सँतेक्सला तर उड्डाणाचा पोशाख एकट्यानं अंगात चढवता येत नसे. दुसऱ्यांनी मदत करायची तेव्हा कुठे हात बाहीत जायचा. मानही डावीकडे नीट वळत नव्हती. शत्रूचं विमान त्या बाजूनं आलं तर दिसणार कसं?

आता हा पोशाख म्हणजे काही शाळेचा गणवेश नव्हे. या वैमानिकांना एव्हरेस्टच्या उंचीपर्यंत, कधी त्याहूनही वर जावं लागे. तिथे हवा इतकी विरळ, की प्राणवायूचा मुखवटा तोंडावर नसेल तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडावा. थंडी शून्याखाली चाळीस-पन्नास अंश. म्हणून कपड्यांवर कपडे, त्यावर पाण्यात पडल्यास तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट, शिवाय पॅराशूट. एवढं सगळं लेवून कॉकपिटच्या अरुंद खोबणीत तासन् तास बसायचं. आणि विमानात बंदूक नाही! तोफांच्या जागी कॅमेरे बसवलेले. शत्रूच्या मुलखाचे फोटो काढायचे आणि सुसाट परत यायचं, एवढंच काम.

३१ जुलै १९४४. सकाळी पावणेनऊच्या सुमारास सँतेक्स कॉर्सिका बेटावरून उडाला. दुपारी परत यायचा होता. आला नाही. अडीच वाजेपर्यंत त्याच्या टाक्यांतलं इंधन संपलं असणार, असा सोबत्यांनी हिशेब केला आणि घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी मार्सेच्या दक्षिणेला समुद्रात एक देह सापडला. अंगावर फ्रेंच सैनिकी पोशाखाच्या खुणा होत्या, म्हणून तो फ्रेंच एवढं कळलं. पण कोण? ते काही कळलं नाही. बेवारस म्हणूनच त्याला पुरलं गेलं. पोशाखानं देश सांगितला, माणूस सांगितला नाही.

पुढे चौपन्न वर्षं शोधाशोध झाली. कुणी म्हणे आल्प्स पर्वतात पडला, कुणी म्हणे समुद्रात. मग १९९८ च्या सप्टेंबरात झां-क्लोद बियांको नावाचा कोळी मार्सेजवळ मासेमारी करत होता. जाळ्यात माशांबरोबर एक काळा पडलेला, मळ चिकटलेला धातूचा तुकडा आला. घासून पाहतात तर चांदीचं ब्रेसलेट! त्यावर सँतेक्सचं नाव, कंसात त्याच्या बायकोचं, कॉन्सुएलोचं नाव, आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. म्हणजे 'द लिटल प्रिन्स'च्याच प्रकाशकाचा. ब्रेसलेटला कापडाचा एक तुकडा अडकलेला होता. तो त्याच्या उड्डाणाच्या पोशाखाचा असावा. या 'असावा'कडे जरा लक्ष द्या हं!

तुम्हाला वाटेल, चला, उलगडा झाला. बियांकोलाही तसंच वाटलं असेल. पण झालं भलतंच. त्या वेळी फ्रान्सच्या पन्नास फ्रँकच्या नोटेवर सँतेक्सचा चेहरा होता. म्हणजे ज्याला सगळा देश खिशात घेऊन हिंडतो, त्याची वस्तू एका कोळ्याच्या जाळ्यात! बातमी आली तसे शंका घेणारेही पुढे आले. ब्रेसलेट खरंच त्याचं का? विमानाचा ठरलेला मार्ग तर इथून लांब होता. काहींनी तर ते चक्क बनावट ठरवलं. जो मनुष्य आयुष्यभर मासे पकडत आला, त्याला लोक लबाड म्हणू लागले. मला तो भाग वाचताना फार वाईट वाटलं. पण शंका घेणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असंही म्हणवत नाही. विचार करा, चांदीवर नाव कोरून देणारा सोनार कुठल्याही गावात मिळतो.

मार्सेलाच लुक वानरेल नावाचा एक पाणबुड्या होता. त्या भागात तळाशी एका विमानाचे तुकडे पसरलेले आहेत, हे त्याला आधीपासून माहीत होतं. ब्रेसलेटची बातमी आल्यावर त्यानं ते तुकडे पुन्हा नीट तपासायला घेतले, फोटो काढले, जुन्या कागदांशी ताडून पाहिले. हे लाइटनिंग जातीचं विमान आहे, म्हणजे सँतेक्स चालवत होता त्याच जातीचं, असं त्यानं २००० साली जाहीर केलं. पण त्या जातीची इतरही विमानं त्या किनाऱ्यावर पडलेली होती. त्यातून सरकारनं तुकडे वर काढायला लगेच परवानगी दिली नाही. वानरेलला थांबावं लागलं. एखाद्यानं रात्री गुपचूप बुडी मारून दोन-चार पत्रे घरी नेले असते! तसं झालं असतं, तर पुढचा पुरावा कुणी मानला नसता.

अखेर २००३ मध्ये तुकडे वर आले. खारवलेले, शिंपल्यांनी भरलेले. ते हळूहळू साफ करताना एका पत्र्यावर ठोकलेले चार आकडे दिसले : २७३४. पुढे इंग्रजी 'एल' हे अक्षर, म्हणजे डाव्या बाजूचा भाग. हा विमान बनवणाऱ्या लॉकहीड कारखान्याचा नंबर. कारखान्याच्या नोंदींत २७३४ समोर अमेरिकी हवाईदलाचा नंबर होता ४२-६८२२३. आणि ३१ जुलै १९४४ ला सँतेक्स जे विमान घेऊन गेला, त्याचा नंबर? ४२-६८२२३! ७ एप्रिल २००४ रोजी फ्रान्सच्या सागरी पुरातत्त्व खात्यानं तसं जाहीर केलं. बियांकोच्या ब्रेसलेटबद्दलची कुजबूज त्या दिवशी संपली.

आता सांगा, नाव कोरलेल्या चांदीपेक्षा नंबर ठोकलेला पत्रा भारी कसा ठरला? कारण कारखान्यातल्या कामगाराला सँतेक्स कोण हे ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त आपलं काम म्हणून नंबर ठोकला. त्यात कुणाची हौस नव्हती, कुणाचा फायदा नव्हता.

ते तुकडे आज पॅरिसजवळ ल बुर्जे इथल्या विमानांच्या संग्रहालयाकडे आहेत. त्यांवर गोळ्यांच्या खुणा सापडल्या नाहीत. पण विमानाचा थोडाच भाग मिळाला, तेव्हा त्यावरून ते पाडलं गेलं की आपोआप पडलं, हे सांगता येत नाही. २००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट नावाच्या एका वृद्ध जर्मन वैमानिकानं सांगितलं, की ते विमान मी पाडलं. आत कोण आहे हे कळलं असतं तर गोळी झाडली नसती, कारण मी त्याची पुस्तकं आवडीनं वाचत असे. ऐकून डोळ्यांत पाणी येतं. पण जर्मन कागदपत्रांत त्याला आधार मिळाला नाही, म्हणून बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. गोष्ट सुंदर आहे म्हणून खरी, असं थोडंच असतं?

आणखी एक गंमत सांगते. गंमत तरी कशी म्हणू? त्याच पाण्यात एका जर्मन लढाऊ विमानाचं इंजिन सापडलं. त्याचा माग काढला तर ते १९४३ च्या डिसेंबरात पडलेल्या एका कोवळ्या वैमानिकाचं निघालं. आलेक्सिस त्याचं नाव, जर्मनीतल्या एका जुन्या राजघराण्यातला. म्हणजे खरोखरचा राजकुमार! 'द लिटल प्रिन्स'च्या लेखकाला शोधायला गेले आणि शेजारी हा भेटला. त्याच्या इंजिनाकडे आधी कोण बघणार होतं?

तर आमच्या पिशवीकडे वळू. मी वर्गात सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागितली. (पालकहो, एक विनंती. घरात असं काही निघालं तर धुवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. आतल्या शिवणीसुद्धा उलटून बघा. कोरड्या सुती कापडात ठेवा. वस्तू कुणाची, कुठून आली, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून तारखेसकट लिहून ठेवा. जे ठाऊक नाही तिथे अंदाजानं नाव घालू नका.)

पणजोबा कुठे कुठे गेले होते, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं ठरलंय, पण तिथे पहिल्यांदा विचारतात तो नंबरच! पिशवी उन्हाकडे तिरपी धरली तर गेलेल्या आकड्यांपैकी पहिला '३' किंवा '८' वाटतो. त्यावरून वर्गात दोन तट पडलेत. शेवटचा अजिबात दिसत नाही. पण पणजीला बरीच वर्षं पेन्शन मिळत होती, आणि पेन्शनच्या कागदावर फौजेतला नंबर असतो. ते कागद गावाकडच्या ट्रंकेत आहेत. ट्रंकेची किल्ली मोठ्या काकांकडे आहे, आणि काका दिवाळीला येणार आहेत.