ढोल पथकातली मुले : नियम काय सांगतो?

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यात मुठेच्या काठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. त्यात शाळकरी मुलेही दिसतात. त्यांच्यासाठी नियम आहेत का?

आहेत. 2016 मध्ये दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली, पण बालकलाकारांना सवलत दिली. हौस म्हणून कला सादर करणारे मूलही त्या व्याख्येत येते. 2017 च्या नियमांनुसार अशा मुलाकडून दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय 3 तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. व्यावसायिक कार्यक्रम असल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि जास्तीत जास्त 5 मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते.

गोम इथेच आहे. वादकांना मानधन नसते, म्हणून पथक स्वतःला हौशी म्हणवते. पण मंडळाकडून सुपारी घेतली असेल, तर तो कार्यक्रम हौशी कसा? शिवाय बालकलाकारांसाठीचे हे तासांचे बंधन 14 वर्षांखालील मुलांपुरतेच आहे. विसर्जन मिरवणूक मात्र रात्रभर रेंगाळते.

हौस म्हटल्याने कमरेवरचा ढोल हलका होत नाही, कानांवरचा मारा कमी होत नाही. परवानगी लागो न लागो, पथकांनी 18 वर्षांखालील सर्वांना हेच नियम लावावेत. पालकांनीही नाव नोंदवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : सलग किती वेळ वाजवायचे? सोबत जबाबदार मोठे कोण? कानांसाठी सोय काय? उत्तर मिळाले नाही, तर अर्ज भरू नये.