'पर्मनंट' म्हणजे काय, हे खडकीला विचारा

'पर्मनंट' हा शब्द खडकीत कधीच परका नव्हता. पोरगा ॲम्युनिशन फॅक्टरीत पर्मनंट झाला की क्वार्टरचा, पेन्शनचा आणि लग्नाचा असे तिन्ही प्रश्न एकदम सुटायचे. १८६९ सालचा कारखाना, तो कुठे जातोय?

कारखाना कुठे गेला नाही. पण १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं. देशभरातले ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आला. सेवाशर्ती तशाच राहतील, असं सरकारने सांगितलं. पण सरकारी खात्यात चिकटलेली माणसं एका तारखेला कंपनीत प्रतिनियुक्तीवर आली. कामगार संघटनांनी विरोध केला, तरीही.

त्याच घरांतली मुलं आता मास्टर्सचा विषय ठरायच्या आधी विचारतात, "पीआर कुठे लवकर मिळते?" माझ्या मते हा प्रश्न पहिला विचारणं, हीच चूक आहे.

कारण नियम तुमच्या डिग्रीपेक्षा वेगाने बदलतात. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा जाहीर केली. २५ मार्च २०२५ला एक्सप्रेस एन्ट्रीतले नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले. ते ५० किंवा २०० असायचे. मे २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट साधारण दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. यांत तुमची चूक काहीच नाही. पण 'तिथे पटकन होतं' या एकाच आधारावर देश निवडला असेल, तर नियम बदलला की हातात काय उरतं? न आवडलेला कोर्स, न आवडलेलं शहर आणि कर्ज.

"कर्जाचं बोलूच नका," असं कुणी म्हणेल. बोलूया ना. कर्ज पगारातून फिटतं, पीआरमधून नाही. म्हणून त्या देशात तुमच्या विषयाला काम आहे का, हे आधी बघा. सोप्या पीआरसाठी घेतलेल्या भलत्याच डिप्लोमावर नोकरी मिळाली नाही, तर हप्ता खडकीतल्या बापाच्या पेन्शनमधून जातो.

आणि पीआर मिळाली तरी ती तुम्हाला बांधते. कॅनडात ती टिकवायला दर पाच वर्षांत साधारण ७३० दिवस तिथे असावं लागतं. आई-वडिलांना कायमचं न्यायचं म्हटलं, तर २०२१ ते २०२५ या काळात तिथल्या सरकारने निमंत्रणं दिली ती २०२० मध्ये नावं नोंदवलेल्यांमधूनच. हे कन्सल्टंसीच्या ऑफिसात किती जणांना सांगितलं जातं?

नियम वाचूच नका, असं मी म्हणत नाही. जर्मनीत डिग्री घेतली, दोन वर्षं त्या दर्जाची नोकरी केली आणि बी-वन पातळीची जर्मन आली, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. छानच आहे. पण रोज जर्मनमध्ये दूध आणायची, घरमालकाशी भांडायची तयारी नसेल, तर ती दोन वर्षं फार लांब वाटतील.

गुणांचा तक्ता तुमचं वय मोजतो. कॅनडाचा तर तिशीपासूनच गुण कापायला लागतो. तुम्हाला तिथे काय हवंय, याचा रकाना त्यात नाही. तो तुम्हीच आखायचा: माझ्या विषयाचं काम, रोजची भाषा, हवा, आजारी पडल्यावर दार वाजवता येईल असं कुणी, आणि आईला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर घरी पोहोचायला किती तास.

मग एकच विचारा: पीआर मिळणार नाही, असं आजच कळलं, तरी त्या शहरात चार वर्षं काढायला जाल का? उत्तर 'हो' असेल, तर खुशाल बॅग भरा. 'नाही' असेल, तर फी भरायच्या आधी थांबा.