ज्वारीची रास आणि दवाखान्याचं बिल



हिंगणघाटच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३४, शिक्षण बी.ए., दोन्ही मुलं शाळेत जाणारी. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये बिलं आणि विम्याचे कागद सांभाळायला बाई हवी आहे आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपणहून यांना विचारलं आहे. वेळ सकाळी ११ ते ४. पण त्या लिहितात, "मी कला शाखेची. विम्यातलं मला ओ की ठो कळत नाही. शिवाय सासूबाई म्हणतात, आजारी माणसांच्या उशाशी बसून पैसे मोजायचं काम आपल्या घरात कुणी केलेलं नाही. काय करू?"

माझं उत्तर आहे, काम जरूर घ्या. मात्र आधी महिनाभर नीट अभ्यास करा. आणि विमा आपल्याला परका आहे, हे तर मनातून काढूनच टाका. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांतल्या बायकांनी तो पायलीनं मोजला आहे.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास भोवतालच्या खेड्यांत एक योजना सुरू केली. सुगी झाली की घराघरानं ठरलेली ज्वारी गावाच्या राशीत टाकायची. ज्याला शेती जास्त त्यानं जास्त, मजुरानं कमी. त्या राशीतून गावच्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च निघे, आणि गावातलं माणूस आजारी पडलं की सेवाग्रामला उपचार मिळत. तिथे एक नियम होता, तो लक्षात ठेवा. अचानक आलेलं दुखणं असेल तर खाटेचे पैसे पडत नसत. पण मोतीबिंदू, हर्निया, साधं बाळंतपण, म्हणजे जे येणार हे आधीच माहीत असतं, त्याच्या खर्चाचा काही भाग रुग्णानं द्यायचा. का? तर गरज दिसली की तेवढ्यापुरती ज्वारी टाकायची आणि काम झालं की हात काढून घ्यायचा, असं सगळ्यांनीच केलं तर रास उरणार कशी? गावातल्या गरीब घरांपैकी बहुतेक घरं सामील झाल्याशिवाय योजना सुरू करायची नाही, ही अटही त्यासाठीच.

आता छापील पॉलिसी वाचा. ज्वारीच्या जागी प्रीमियम, राशीच्या जागी कंपनी. मोतीबिंदू, हर्निया अशा शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत २ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं; २०२४ पासून कंपनीला याहून अधिक काळ ठेवता येत नाही. यालाच प्रतीक्षाकाल म्हणतात. कारण तेच, सेवाग्रामच्या राशीचं.

नर्सिंग होमच्या टेबलावर रुग्ण आला की पहिलं काम म्हणजे त्याचा खर्च कशातून होणार ते विचारणं. खिशातून, कंपनीच्या पॉलिसीतून, की सरकारी योजनेतून? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं. पण या योजना ठरावीक रुग्णालयांतच चालतात. तुमचं नर्सिंग होम त्या यादीत नसेल, तर ते रुग्णाला दाखल होण्याआधी सांगणं हे तुमचं काम. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांच्याकडे पाठवा. एक गिऱ्हाईक गेलं असं डॉक्टरीणबाईंना वाटेल, पण त्या घराचं कर्ज टळेल.

रुग्णाकडे कंपनीची पॉलिसी असेल तर पुढचं काम परवानगीचं. कॅशलेस म्हणजे रुग्णानं पैसे न भरता कंपनीनं ते परस्पर रुग्णालयाला देणं. त्यासाठी फॉर्म भरून आधी मंजुरी घ्यायची. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर दोन दिवस आधी, अचानक दाखल झालं तर २४ तासांच्या आत कळवायचं, असा बहुतेक पॉलिसींचा रिवाज आहे. कंपनीनंही १ तासात उत्तर द्यायचं आणि घरी सोडताना शेवटची मंजुरी ३ तासांत द्यायची, असा विमा प्राधिकरणाचा २०२४ चा नियम आहे. तो पाठ ठेवा, फोनवर बोलताना उपयोगी पडतो. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसलं आणि कॅशलेस मिळालं नाही, तर आधी पैसे भरून मागून मागायचे. अशा वेळी मूळ बिलं, पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड, एकही कागद गहाळ होता कामा नये.

आता हिशेबाची एक खोच सांगते. ही माहीत नसल्यानं भलीभली कुटुंबं फसतात. समजा, पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत आहे आणि रुग्णानं ५,००० ची खोली घेतली. तीन दिवस राहिला. तुम्ही म्हणाल, फरक दिवसाला २,०००, म्हणजे ६,००० आपण भरू. पण पुष्कळ पॉलिसींत तसं नसतं. ३,००० म्हणजे ५,००० च्या ६० टक्के, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही ६० टक्केच मिळतात. हा खर्च ४०,००० झाला असेल तर २४,००० मिळतील. खोलीचे १५,००० पैकी ९,०००. म्हणजे ६,००० ची वाटलेली तूट २२,००० ची होते! औषधं आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लागत नाही. हे बिलाच्या दिवशी सांगून काय उपयोग? ते सांगायचं खोली घेताना. टेबलावरची बाई जाणती असेल तर तिच्या एका वाक्यानं एखाद्या घराचे हजारो रुपये वाचतात.

सोबतच्या माणसाचं जेवण, टेलिफोन, कपडेधुलाई, थर्मामीटर असल्या गोष्टी साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. त्यांची वेगळी यादीच आहे. ती टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि नातेवाइकांना पहिल्याच दिवशी दाखवा, म्हणजे निघताना वादावादी होत नाही.

विज्ञानाची भीती वाटते ना? डॉक्टरी शब्द आपल्या संधी-समासासारखेच आहेत. शेवटी 'आयटिस' आलं की सूज, 'एक्टमी' आलं की तो भाग काढून टाकणं. अपेंडिसायटिस म्हणजे अपेंडिक्सला सूज, अपेंडिसेक्टमी म्हणजे ते काढून टाकणं. असे पन्नासेक शब्द वहीत उतरवले की निम्मं काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक आजाराला खूणक्रमांक दिला आहे. प्रौढपणी जडणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचा ई ११, वयानं येणाऱ्या मोतीबिंदूचा एच २५. हे पाठ करायचे नसतात, यादीत शोधायचे असतात. निदान मात्र डॉक्टरांनी लिहिलेलंच उतरवायचं, आपल्या मनानं नाही.

क्लासबद्दलही सावध राहा. मेडिकल कोडिंगच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. त्यांतलं बरंचसं शिक्षण अमेरिकेतल्या बिलांचं काम इथे बसून करणाऱ्या कंपन्यांसाठी असतं. ते वाईट नाही, पण हिंगणघाटच्या नर्सिंग होमला त्याचा उपयोग थोडा. भारी फी भरण्याआधी विचारा, आपल्याकडचे कॅशलेस फॉर्म शिकवता का? संगणकावर मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि हिशेबाचे तक्ते येत असतील तर बाकीचं काम करता करता शिकता येतं.

आता सर्वांत अवघड भाग. "वहिनी, तारीख तेवढी दोन दिवस पुढची टाका ना," "शुगर जुनी आहे हे लिहू नका," असं ओळखीचीच माणसं म्हणतील. आमच्या माहितीतल्या एका घरात पॉलिसी घेताना वडिलांचा मधुमेह लपवला. पुढे दाखल झाले तेव्हा केसपेपरवर 'सात वर्षांपासून मधुमेह' असं आलं आणि सगळा क्लेम नाकारला गेला. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे दवाखान्यात गेले. एका खोट्या ओळीची ही किंमत. तेव्हा गोड बोलून, पण ठाम नाही म्हणायचं. आणि कुणाला काय झालं आहे, हे टेबलावर कळलेलं पोटातच ठेवायचं. आपल्या गावांत बाजारात गेलं की चार ओळखीचे भेटतात; तिथे तोंड उघडलं की नोकरीही गेली आणि अब्रूही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. आजारी माणसाजवळ पैशाचं बोलणं कुणालाच आवडत नाही. पण ते बोलणं कुणीतरी करणारच आहे. ते उर्मटपणे, उशिरा आणि अर्धवट होण्याऐवजी घरातल्या माणसासारखं, वेळेवर आणि स्पष्ट झालं, तर त्या घराला आधारच वाटेल. सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर नोकरीचं पहिलं काम म्हणून त्यांचंच कार्ड काढून द्या. मग बघा त्या काय म्हणतात!

बाकीच्या मैत्रिणींसाठीही या आठवड्याचा अभ्यास. कपाटातली पॉलिसी काढा आणि चार गोष्टी वहीच्या एकाच पानावर लिहा: खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षाकाल कधी संपतो ती तारीख, जवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत, आणि कळवायचा टेलिफोन नंबर. पॉलिसी नसेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का ते पाहा. स्पेलिंगच्या फरकानं ऐन वेळी अडतं. ते पान देवघराजवळ किंवा फ्रिजवर लावा आणि घरातल्या मोठ्या मुलालाही दाखवून ठेवा, कारण आजारी आपणही पडू शकतो.