प्लगिनांच्या जुन्या कलमांना मुदत द्या

देऊळघाटसारख्या गावी चावडीवर फेरफाराची नोटीस लागते, तेव्हा तिच्यामागे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधला एक सुज्ञ विचार उभा असतो. गाव नमुना सहामधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील, नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना खबर मिळावी, त्यांच्या हरकती ऐकल्या जाव्यात, आणि सातबाऱ्यावरचे जुने नाव खोडून न टाकता कंसात ठेवून त्याशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहावा, म्हणजे दफ्तर उघडणाऱ्याला काय बदलले व कोणत्या आधारे बदलले हे कळते. हीच शिस्त जावास्क्रिप्टच्या बांधणी-साधनांनी पाळावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

संकेतस्थळाच्या शेकडो विखुरलेल्या फायली एकत्र करून ब्राउझरला पेलतील अशा रूपात बांधून देणाऱ्या या साधनांचे सामर्थ्य त्यांच्या मूळ रचनेत जितके असते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, इतरांनी बहुधा विनामोबदला लिहिलेल्या प्लगिनांत, म्हणजे जोड-कार्यक्रमांत, असते. प्लगिनकर्ता साधनाच्या जाहीर कलमांवर, म्हणजे प्लगिन कसे जोडावे याच्या नियमांवर, विसंबतो. ती कलमे अकस्मात रद्द झाली, तर त्याचा भुर्दंड त्याला, आणि जिल्ह्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेचे संकेतस्थळ एकहाती सांभाळणाऱ्या तरुणाला सोसावा लागतो. कलम बदलणाऱ्याला त्याची झळ क्वचितच पोहोचते, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

वेबपॅक या बांधणी-साधनाने 2018 च्या फेब्रुवारीत चौथी आवृत्ती काढताना प्लगिनांनी आपले काम नोंदवण्याची पद्धत मुळापासून बदलली. परंतु जुनी पद्धत चालू ठेवून, ती कालबाह्य ठरवली असून तिच्याऐवजी ‘हुक्स’ ही नवी पद्धत वापरावी, अशी ताकीद ती वापरणाऱ्याला दिली, आणि ती पद्धत प्रत्यक्षात काढली 2020 च्या ऑक्टोबरात, पाचव्या आवृत्तीत. अडीच वर्षांहून अधिक मुदत, आणि पर्यायाचे नाव ताकिदीतच! सौजन्य म्हणतात ते हेच. पुढे व्हीट या बांधणी-साधनाने रोलअप या दुसऱ्या साधनाचीच प्लगिन-रचना स्वीकारून विस्तारली, आणि रस्ट भाषेत नव्याने लिहिलेले रोलडाउनही त्याच रचनेशी सुसंगत राहण्याचा प्रयत्न करते. इंजिन समूळ बदलले तरी करार टिकवता येतो, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

करार मोडला की दोष मात्र नेहमीच साधनकर्त्याचा नसतो. 2019 च्या एप्रिलात नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची बारावी आवृत्ती आली आणि गल्प या बांधणी-साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीवरचे प्रकल्प सुरूच होईनात, कारण गल्प ज्या पॅकेजांवर अवलंबून होते त्यांतील ‘ग्रेसफुल-एफएस’ची एक जुनी आवृत्ती नोडच्या अंतर्गत, कधीही जाहीर न केलेल्या भागात हात घालीत असे. जे कोणीच कबूल केले नव्हते त्यावर हक्क सांगता येत नाही. म्हणूनच जाहीर काय व खासगी काय, याची सीमा साधनकर्त्याने आरंभीच लेखी आखून द्यावी, आणि प्लगिनकर्त्याने ती ओलांडू नये.

अशी मुदत देताना जुनी वाट चालू ठेवण्याचे काम कंटाळवाणे आणि अदृश्य असते. प्रत्येक जुन्या कलमासाठी चाचण्या जपाव्या लागतात, नवी सुधारणा अडते, आणि वेबपॅकसारखा प्रकल्प ही जबाबदारी पुष्कळशी देणग्यांवर पेलतो. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्या व जी सरकारी खाती आपली संकेतस्थळे अशा साधनांवर उभारतात, त्यांनी आपल्या पगारी अभियंत्यांच्या वेळेतील ठरावीक हिस्सा या देखभालीसाठी लेखी मंजुरीने राखून ठेवावा, आणि तसे कलम कंत्राटाच्या निविदेतच घालावे.