सायन्स कुणी घ्यायचं, हे कोण ठरवणार?

दहावीचा निकाल लागला की आमच्या फोनवर एकच प्रश्न येऊ लागतो. कधी मुरुडहून, कधी म्हसळ्याहून, कधी पेण-अलिबागच्या एखाद्या बौद्धवाडीतून. "दादा, पोरीला ७० टक्के पडलेत. सायन्स घ्यायचं म्हणते. शाळेतले सर म्हणतात झेपणार नाही, आर्ट्सला टाका. काय करू?"

दरवर्षी आम्ही जे तोंडी सांगतो, ते एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख.

आधी हे "झेपणार नाही" तपासून बघू. हे सांगताना मोजमाप कशाचं झालेलं असतं? गणितात किती मार्क आहेत, विज्ञानाचा कुठला भाग कच्चा राहिला, तो दोन महिन्यांत भरून निघेल का, यातलं काहीच कुणी बोलत नाही. हेच ७० टक्के दुसऱ्या आडनावाच्या, दुकान किंवा कायम नोकरी असलेल्या घरातल्या मुलाला पडले, तर सल्ला बदलतो: "क्लास लावा, होईल." मार्क तेच, विषय तेच. म्हणजे मोजलं जातं ते घर. नाव मात्र मुलाच्या डोक्याचं घेतलं जातं. सगळेच शिक्षक असे नसतात. स्वतःच्या रजेच्या दिवशी वर्ग घेणारे शिक्षक याच जिल्ह्यात आहेत आणि त्यांना आमचा जय भीम. पण एका वाक्यात मुलीचं आयुष्य ठरवून टाकणारा सल्ला कुणीही दिला तरी त्याला "कशावरून?" असं विचारायला आपण शिकलं पाहिजे.

विषय कुणी घ्यायचा, हे या देशात कधीच साधं शैक्षणिक प्रकरण नव्हतं. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला ते शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळवली. तेव्हा नकार तोंडावर दिला जात होता. आज कुठलाही कायदा आपल्या मुलीला फिजिक्सच्या वर्गाबाहेर बसवू शकत नाही. म्हणून आज नकार दिला जात नाही, सल्ला दिला जातो, तोही काळजीच्या आवाजात.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या चळवळीतल्या अनेक तरुणांनाही ठाऊक नसते. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य समाजाच्या तक्रारींचं एक निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक दहावीच्या पालकाला वाचून दाखवावा असा आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी या समाजाचं फारसं भलं होणार नाही. त्याला उपयोगी पडेल ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण. हे शिक्षण समाजाच्या ऐपतीबाहेरचं आहे, म्हणून सरकारने पैसा द्यावा. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये, अशी थेट आकड्यांत मागणी त्यांनी केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला "भारत सरकारची स्कॉलरशिप" म्हणतो ती हीच. ज्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आपली मुलं महाडीबीटीवर भरतात, तिच्यामागे विज्ञान शिकण्याचा आग्रह होता.

यावर एक प्रश्न नेहमी येतो. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकले, मग विज्ञानाचा एवढा आग्रह कशाला? कायदा आणि राज्यघटना काय करू शकते हे ज्याने सर्वांत जास्त जाणलं, तोच माणूस सांगतो आहे की समाजाच्या मुलांनी फक्त तेवढ्यावर थांबू नये. म्हणून त्याचं वजन जास्त. आपल्याला वकील, प्राध्यापक, अधिकारी हवेतच. ज्या मुलीला इतिहास वाचताना तहानभूक विसरायला होतं, तिने खुशाल इतिहास घ्यावा. आमचा विरोध विषयाला नाही. ज्या पोरीला विज्ञान हवं आहे तिला इतिहासाकडे ढकलण्याला आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे बघा. थळला आरसीएफचा खत कारखाना, डोलवीला पोलादाचा, धाटाव आणि महाडला रसायनांच्या एमआयडीसी, उरणला न्हावा शेवा बंदर. आपल्या जिल्ह्यात विज्ञान कमी नाही. ते आपल्या घरात कमी आहे. कारखान्यांच्या गेटवर आपली पोरं दिसतात ती कंत्राटदाराच्या कार्डावर, गोणी उचलताना. अलिबागला चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून ती इथे आणली गेली. शंभराहून जास्त वर्षं तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जातं आहे, आणि तिच्या कुंपणाबाहेरून शाळेत जाणाऱ्या आपल्या किती मुलांना आत काय चालतं हे माहीत आहे? लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कमानीवरचं नाव बघून हात जोडायचे आणि आत शिकायला दुसऱ्यांची मुलं जायची, एवढंच आपल्या वाट्याला येणार का?

महाड हे तर आपलं तीर्थच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर आपण पाण्याला हात लावायचा हक्क बजावला. आज त्याच महाडला सावित्री नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. पाण्याला हात लावायला आज कुणी अडवत नाही, पण त्या पाण्यात काय मिसळलंय हे सांगायला रसायनशास्त्र लागतं. अहवाल कंपनीच्या माणसाने लिहायचा आणि आपण तो दुसऱ्याकडून समजून घ्यायचा, ही नव्या काळातली वरून ओंजळीत वाढलेल्या पाण्याची रीत आहे.

व्यवहाराचं बोलू. आपल्या व्यवस्थेत शाखांचे दरवाजे एकाच दिशेने उघडतात. बारावी सायन्स झालेली मुलगी बी.ए.ला जाऊ शकते, पाच वर्षांच्या कायद्याला जाऊ शकते, स्पर्धा परीक्षा देऊ शकते. बारावी आर्ट्स झालेल्या मुलीला मात्र इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीबीएस, बी.एस्सी. नर्सिंग हे रस्ते बंद होतात. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही एक चांगली वाट आहे आणि ती जास्त मुलांनी बघितली पाहिजे. पण एरवी, सोळाव्या वर्षी घेतलेला "सोपा" निर्णय पुढे सर्वांत महाग पडतो.

अडचणी खऱ्या आहेत. त्या नाकारून घोषणा देणारे आम्ही नव्हे.

पहिली अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल अकरावीला गेलं की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी एकदम इंग्रजीतून अंगावर येतं. "त्वरण" माहीत असलेल्या मुलीला "ॲक्सिलरेशन" कळत नाही आणि तिला वाटतं, आपल्याला विज्ञानच कळत नाही. पहिल्या चार महिन्यांत जी मुलं खचतात, त्यांतली बरीच भाषेने खचतात. यावर उपाय आहे: दहावीच्या सुट्टीत विज्ञानाच्या पारिभाषिक शब्दांची वही करणं. शिवाय नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात, सीईटीचे फिजिक्स-केमिस्ट्रीचे पेपरही मराठीत मिळतात, हेही मुलांना सांगा.

दुसरी अडचण पैशाची. मोठ्या क्लासची फी लाखांत जाते आणि ती भरायला कर्ज काढू नका, असंच आम्ही सांगतो. राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती दहावीला ७५ टक्के किंवा जास्त मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांना अकरावी-बारावीत महिना ३०० रुपयांप्रमाणे १० महिने मिळते. रक्कम तुटपुंजी आहे, पण हक्काची आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. बार्टीच्या प्रशिक्षण योजनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधी काढून ठेवा. अर्ध्या मुलांचं नुकसान कुवतीने होत नाही, कागदाने होतं.

तिसरी अडचण रस्त्याची. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या आतल्या वाडीतून रोज कॉलेज गाठणं, प्रॅक्टिकल संपवून शेवटची एसटी पकडणं, आणि मुलगी असेल तर घरच्यांचा जीव टांगणीला. प्रॅक्टिकलला ३० मार्क असतात. ती बुडवून सायन्स होत नाही. म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवर कॉलेजचं नाव भरण्याआधी एसटीचं वेळापत्रक बघा आणि प्रयोगशाळा खरंच चालते का हे तिथल्या बारावीच्या मुलांना विचारा.

मग ठरवायचं कसं? आमच्या मते तीन प्रश्न पुरेत. मुलीला स्वतःला हवंय का, की बापाला "डॉक्टरचा बाप" व्हायचंय? दहावीचं गणित आणि विज्ञान पुन्हा सोडवायला दिलं तर ती त्यात रमते का, चुकलं तरी पुन्हा बसते का? आणि पहिलं वर्ष तिच्या पाठीशी उभं राहणारं कुणी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलीने द्यायची. तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर तो दोष मुलीचा नाही, आपला आहे.

इथे आपल्या संघटनांशी बोलायचंय. जयंतीला वर्गणी जमते, डीजे येतो, मुंबई मंडळाची आणि गावच्या शाखेची मिरवणूक दणक्यात निघते. निघावी. पण त्याच वर्गणीतला चौथा हिस्सा बाजूला काढला, तर विहारात अकरावी-बारावीची पुस्तकं, एक फळा, दिवे आणि आठवड्याला दोन संध्याकाळी शिकवायला येणाऱ्या पदवीधराचं भाडं निघतं. प्रत्येक वाडीतून कुणीतरी इंजिनिअर, नर्स, लॅब टेक्निशियन झालेलं आहेच. त्यांना स्टेजवर शाल देऊन परत पाठवू नका, फळ्यासमोर उभं करा. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे समाजाच्या नावाने पैसा मागितला होता. तो समाज म्हणजे आपणच.

तेव्हा फोन करणाऱ्या त्या भावाला आमचं उत्तर असं: तुझ्या पोरीला हवं असेल तर सायन्सला टाक. पहिल्या सहामाहीत मार्क कमी येतील, घाबरू नकोस. सरांना सांग, झेपतं की नाही ते ती बघेल. आणि तुझ्या वाडीतल्या शाखेच्या अध्यक्षाचा नंबर आम्हाला पाठव, त्याच्याशी आम्ही बोलतो.

जय भीम.