थ्रेड : काशीदच्या वाळूमागचे रान

शनिवारी दुपारी काशीदच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बहुतेक प्रवाशांचे तोंड पश्चिमेला असते. पांढरी वाळू, सुरूची झाडे, शहाळ्यांच्या टपऱ्या आणि सूर्यास्ताची वाट पाहणारे मोबाइल. पाठीमागे, पूर्वेला, डोंगरावर दाट रान पसरलेले असते. त्याच्याकडे पाठ करूनच छायाचित्र काढले जाते.

या किनाऱ्याच्या प्रत्येक जाहिरातीत एक शब्द हमखास असतो : ‘अस्पर्शित निसर्ग’. रेवदंड्यापासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्याविषयी याहून दिशाभूल करणारा शब्द सापडणे कठीण. येथे माणसाचा हात लागला नाही असा वावभर तुकडाही नाही. आणि तो हात कोणाचा होता, हे विसरले की पुढे या भूमीचे काय करायचे, हेही भलतेच लोक ठरवतात.

प्रथम त्या रानाविषयी. फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर, मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले. ऐन, किंजळ, अंजनी. झाडांवरून लोंबणारी गारंबीची अजस्र वेल. वर शेकरू आणि नशीब असेल तर आकाशात गिधाड. पाणवठ्यांना येथे ‘गाण’ म्हणतात. समुद्राच्या इतक्या निकट असे जंगल टिकले कसे, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचे उत्तर थोडे अडचणीचे आहे. ते टिकले, कारण ती जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकारगाह होती.

कुंडलिकेची खाडी ओलांडली की ढोबळमानाने जंजिरा संस्थानाची हद्द सुरू होई, ती दक्षिणेला बाणकोटच्या खाडीपर्यंत. खाडीच्या उत्तरेला आंग्र्यांचे कुलाबा संस्थान होते. ते १८४० मध्ये वारसाअभावी खालसा झाले आणि तेथील डोंगर कंपनी सरकारच्या आणि पुढे इंग्रजी वनखात्याच्या हाती गेले. मुंबई वाढत होती, चुलींना जळण हवे होते. कुलाबा-ठाण्याचे लाकूड गलबतांत भरून मुंबईला जात राहिले. दक्षिणेला मात्र सिद्दींची सत्ता १९४८ पर्यंत नांदली आणि नवाबाला शिकारीसाठी रान हवे होते. आज अभयारण्यात शेकरू पाहून हरखणारा प्रवासी एका संस्थानिकाच्या छंदाचा लाभार्थी असतो. हे मान्य करायला संकोच वाटण्याचे कारण नाही; पण छंदाला ‘पर्यावरणप्रेम’ म्हणण्याचेही कारण नाही. शिकारगाह राखायची म्हणजे इतरांना तेथून दूर ठेवायचे. गुरे, कुऱ्हाड, मोहाची फुले, मध : या सगळ्यांवर कोणाची तरी परवानगी आली.

जंजिरा किल्ल्याची कथाही याच रानातून सुरू होते, हे राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसणाऱ्यांना क्वचितच सांगितले जाते. आजचा दगडी कोट उभा राहण्यापूर्वी त्या बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता, असे परंपरा सांगते. त्यांचा म्होरक्या राम पाटील. मेढेकोट म्हणजे एकमेकांना खेटून रोवलेल्या जाड ओंडक्यांची तटबंदी. ते ओंडके समुद्रातून आले नव्हते! पुढे बेट निजामशाहीच्या सिद्दी सरदारांकडे गेले, दगडी तट चढले आणि मराठ्यांना ते अखेरपर्यंत जिंकता आले नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भर घालून बेटापर्यंत वाट काढण्याचा प्रयत्न केला. त्या भरावातही दगडाबरोबर लाकूड होते. या किनाऱ्यावरचे आरमार, तट, वेढा, कशाचाही हिशेब जंगलाशिवाय पुरा होत नाही.

याच संदर्भात समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारा एक उतारा तपासून पाहायला हवा. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, अशा आशयाचा मजकूर ‘शिवाजी महाराजांचे पत्र’ म्हणून सर्वत्र पसरवला जातो. वस्तुतः तो ‘आज्ञापत्रा’तील आहे. हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा, काळ १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी. आणि तो सिद्ध झाला कोल्हापूरच्या गादीसाठी. अमात्यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता, त्यामुळे त्यात थोरल्या महाराजांच्या धोरणाचे प्रतिबिंब शोधणे गैर नाही. पण पत्र आणि राजनीतीचा ग्रंथ यांतील भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी पुसू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा मजकूर आरमाराच्या प्रकरणात येतो. जहाजांसाठी लाकूड हवे. सागवान राज्यातील रानातून परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. जबरदस्ती करू नये.

‘पहिले पर्यावरणवादी’ अशा मथळ्याखाली हा उतारा वाचला की त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट निसटते. येथे झाडाला धनी आहे आणि तो धनी रयत आहे. झाड तोडल्याने निसर्गाचा समतोल बिघडेल, हा येथील युक्तिवादच नाही. रयतेला दुःख होईल आणि ते दुःख राज्याला भोवेल, हा आहे. फणसाडच्या शिकारगाहेत रान राखले गेले ते माणसाला बाहेर ठेवून. अमात्यांच्या मजकुरात झाड राखले जाते ते ज्याने लावले त्याचा शब्द मानून. एकाच किनाऱ्याला ठाऊक असलेल्या या दोन अगदी भिन्न रीती आहेत, आणि आजच्या वनधोरणावर बोलताना पहिलीच तेवढी गृहीत धरली जाते.

इंग्रजी मुलखात १८७८ च्या वन कायद्याने ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ अशा रेघा ओढल्या. त्यांचा सर्वांत मोठा फटका कातकऱ्यांना बसला. खैराच्या लाकडापासून कात काढणारा म्हणून ज्याचे नावच पडले, त्याला खैर तोडणे गुन्हा झाला. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवण्यासाठी रायगड जिल्ह्यात ज्या ‘दळी’ जमिनी दिल्या गेल्या, त्यांचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही वनहक्कांच्या दाव्यांतून पुन्हा पुन्हा समोर येतो. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. रान म्हणजे सहलीची पार्श्वभूमी, ही कल्पना त्या डोंगराळ गावांना कधीच परवडणारी नव्हती.

गावांचेही तसेच. कोर्लई किल्ल्यावरून दीपगृह आणि दोन्ही बाजूंचा समुद्र पाहून प्रवासी उतरतो आणि पायथ्याच्या वस्तीतून गाडी काढतो. त्या वस्तीतील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संकरातून घडलेली एक स्वतंत्र भाषा बोलली जाते. बोलणारे सुमारे हजारभर. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून हा डोंगर घेतला आणि १७४० मध्ये चौलसह सोडला. सत्ता गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे, चारी बाजूंनी मराठी असताना, ती बोली चुलीपाशी टिकली. किल्ला पडझडीत आहे, भाषा धडधाकट आहे. पण मार्गदर्शक फलक मात्र किल्ल्याचाच!

राहिले किनाऱ्यावरचे सुरू. ज्या झाडांच्या सावलीत ‘अस्सल कोकण’ अनुभवले जाते, ते मूळचे आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचे. वारा अडवावा, वाळू धरून ठेवावी म्हणून ते मुद्दाम लावले गेले. नारळी-पोफळीच्या वाड्या तर उघडच माणसाच्या. विहीर, रहाट, पाट यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या. खाडीकाठची खाजणे बांध घालून शेतीखाली आणली गेली आणि ते बांध राखणाऱ्यांसाठी ‘शिलोत्री’ नावाची वहिवाटच होती. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकले, तेव्हा मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातील वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ उत्पन्न द्यायला लागेपर्यंत अनेक वर्षे जातात. आज्ञापत्रातील तो लेकरांचा दाखला अलंकार नव्हता, हे त्या दिवशी कळले.

उखडलेली वाडी पुन्हा लावायची की तुकडे पाडून विकायची, हा निर्णय आज घरोघरी घेतला जातो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे काम पुढे सरकते तसा जमिनीचा भाव चढतो. ‘सी व्ह्यू’ची जाहिरात करणाऱ्याला अस्पर्शित निसर्ग फार सोयीचा असतो. जेथे कोणी राहत नव्हते, कोणी राबत नव्हते, तेथे कोणाला विचारण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून या किनाऱ्याची सहल सकाळी सुरू व्हावी आणि पूर्वेकडून व्हावी. सुपेगावहून फणसाडमध्ये शिरावे, एखाद्या गाणीपाशी तासभर गप्प बसावे, वाटाड्याला झाडांची नावे विचारावीत आणि त्याच्या घरच्यांना हे रान पूर्वी काय काय देत असे, तेही विचारावे. दुपारी कोर्लईत किल्ल्याआधी गाव पाहावे. समुद्र संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही.

परतीच्या वाटेवर, नागावच्या पलीकडे, आक्षी लागते. तेथील शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला आहे. शिलाहार राजवटीतील हा लेख मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यात देवीसाठी धान्य लावून दिल्याची नोंद आहे. वर चंद्र-सूर्य कोरलेले, आणि दान मोडणाऱ्याला शिवी. हजार वर्षांपूर्वी या गावात भात पिकत होते आणि ते कोणाला किती द्यायचे, हे दगडावर लिहून ठेवण्याइतके महत्त्वाचे होते. आक्षीचा समुद्र पाहायला जाणाऱ्या गाड्यांपैकी फारच थोड्या तेथे थांबतात.