इथ्रोच्या नावाने खोगीरभरती

मंडळी असो, मिशन संस्था असो की रुग्णालय. बैठकीत नवे पद मागायचे झाले की बायबलमधला एक दाखला हमखास पुढे येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच तंटे सोडवत बसलेला, लोक ताटकळलेले. सासरा इथ्रो हे पाहतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला सांगतो. निष्कर्ष तयारच असतो : काम वाढले की पदे वाढवा, शास्त्राधार आहे.

या म्हणण्यात तथ्य आहेच. सगळा भार एकावर टाकणे ही काटकसर नाही. पण ही गोष्ट जिथे येते तो निर्गमाचा अठरावा अध्याय पुरता वाचावा. इस्राएलाच्या सहा लाख पुरुषांमागे असे ७८,६०० नायक होतात, असा हिशेब यहुद्यांच्या तालमूदने मांडला आहे. म्हणजे साधारण आठ माणसांमागे एक! तरीही त्या अध्यायात त्यांच्या भत्त्याचा शब्द नाही. अट आहे ती विश्वासूपणाची आणि लाचेच्या तिटकाऱ्याची. हेतूही स्पष्ट आहे : मोशेचा जीव मेटाकुटीला येऊ नये आणि लोकांनी समाधानाने घरी जावे. ज्या पदाने लोकांचे हेलपाटे वाढतात, त्याला इथ्रोचा आधार नाही.

दुसरा दाखला शलमोनाचा. बारा अधिकारी, प्रत्येकाकडे एकेक महिन्याचा शिधा; केवढी नेटकी व्यवस्था, असे सांगतात. नेटकी होतीच. पण त्या बारांत राजाचे दोन जावई होते आणि दरबाराला रोज तीस बैल व शंभर मेंढरे लागत. बांधकामावर ३,३०० मुकादम होते, ते वेगळेच. राजा लोकांच्या धान्याचा दशांश घेऊन आपल्या चाकरांना वाटेल, हे शमुवेल संदेष्ट्याने आधीच बजावले होते. शलमोनामागून लोकांनी ओझे हलके करा म्हणून विनवले, तर त्याचा मुलगा रहबाम याने ते वाढवण्याची धमकी दिली. वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठेचले आणि राज्य दुभंगले. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे हा शेवट सोयीस्करपणे गाळतात.

उलट, व्यवस्थेवर एक पैसाही खर्चू नका, असा हट्ट धरणारे दातेही असतात. तेही चुकतात. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवा वगळल्या जात होत्या. तेव्हा सात माणसे नेमावीच लागली. वाटप पाहायला कोणीच नसेल तर उपाशी राहतो तो ज्याचा आवाज पोहोचत नाही तो.

मग प्रमाण कोणते? २ राजे, अध्याय १२ पाहावा. मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकांकडे जमत होता. योआश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एक भेगही बुजली नव्हती. राजाने ना समिती नेमली, ना अहवाल मागवला. वसुली याजकांकडून काढून घेतली. यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक एकत्र मोजणी करत. पैसा थेट कामावरच्या मुकादमांकडे, तिथून सुतार-गवंड्यांकडे जाई. त्यातून चांदीची भांडीकुंडी घडवली नाहीत. याजकांच्या हक्काच्या अर्पणाला मात्र हात लावला नाही. प्रामाणिक मुकादमांकडे पुन्हा हिशेब मागितला नाही, यावर काहींच्या भुवया उंचावतील. पण मोजणी पेटीपाशीच दोघांच्या डोळ्यांदेखत झाली होती. देखरेख एकाच जागी आणि चोख असली की कागदांच्या चळती लागत नाहीत.

प्रांताधिकारी नहेम्या याहून पुढे गेला. आधीचे प्रांताधिकारी लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि चाळीस शेकेल चांदी घेत. त्याच्या पंक्तीला दीडशे माणसे असत, तरी बारा वर्षे त्याने हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण लोक आधीच ओझ्याने वाकलेले होते. त्याचे चाकरही यरुशलेमच्या तटाच्या कामावर राबले.

तेव्हा विश्वस्तांनो, नवे पद जरूर मंजूर करा. पण आधी तीन गोष्टी तपासा. त्या पदाने कोणाचा खोळंबा मिटणार आहे? दात्याचा रुपया कामापर्यंत किती हातांतून जातो? आणि खर्चाला कात्री लावायची तर ती आपल्या मानधनापासून लावायची तुमची तयारी आहे का? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर कारकुनाच्या पगाराला हात लावू नका आणि इथ्रोचे नावही घेऊ नका.